न सांगता उजळलेली बाजू

१

रविवारी सकाळी गाड्यांच्या प्रदर्शनात पोहोचलो तेव्हा आमच्या स्टॉलवर चोरी झालेली होती, आणि चोरीला गेली होती ती धूळ.

तुम्ही हसाल. शेजारचा टायरवालाही हसला. पण मला रडू फुटायचंच बाकी होतं.

आमचं, म्हणजे माझं आणि माझ्या नवऱ्याचं, कार डिटेलिंगचं दुकान आहे. गाडी नुसती धुऊन द्यायची नाही. फटीफटीतला मळ काढायचा, ओरखडे घालवायचे, विटलेला रंग घासून वर आणायचा. काम आम्ही चांगलं करतो. दुकान मात्र अशा गल्लीच्या टोकाला, की रस्ता चुकलेला माणूसच तिथे यायचा आणि तोही पत्ता विचारून परत फिरायचा. म्हणून यंदा पहिल्यांदाच प्रदर्शनात स्टॉल घेतला. कल्पना माझी. एक जुनी गाडी मधोमध उभी करायची, बॉनेटपासून टपावरून डिकीपर्यंत चिकटपट्टी लावायची. पट्टीच्या या बाजूला आमचं काम, त्या बाजूला गाडी होती तशीच, धुळीने माखलेली. लोकांनी बघावं आणि काय ते समजावं.

गाडी दिली डॉक्टरीणबाईंनी. बाटलीच्या काचेसारखा गर्द हिरवा रंग होता तिचा, एकेकाळी. डॉक्टर गेले तेव्हापासून ती शेडमध्ये तशीच उभी होती. बाईंनी किल्ली हातात दिली आणि एकच अट घातली.

"एक बाजू करा. त्यांची, चालकाची बाजू मात्र मी सांगेपर्यंत नको. रविवारी दुपारी मी येते. तिथे उभी राहून बघते काय वाटतं ते."

आम्ही शब्द दिला. आणि मी, उत्साहाच्या भरात, त्यांच्या होकाराची वाट न बघता बोर्डही लावून टाकला: 'रविवारी दुपारी दुसरी बाजू तुमच्या डोळ्यांसमोर मशीनने चमकवणार!' जुन्या गाड्यांच्या क्लबची मंडळी येतो म्हणाली होती. त्यांच्या गाड्या हाताशी आल्या तर आमच्या गल्लीचं नशीब उजळलं असतं.

आणि आता ती बाजू लखलखत होती. धूळ नाही, डाग नाही. हॉलच्या दिव्यांची अख्खी रांग दारात उलटी पडलेली.

नवरा बादली पालथी घालून तिच्यावर बसला. बराच वेळ बघत राहिला.

"अगं," तो हळूच म्हणाला, "आपल्यापेक्षा चांगलं केलंय."

२

माझी मोठी मावशी विमा कंपनीत सर्व्हेयर होती. जन्मभर ठोकलेल्या गाड्या तपासत फिरली. गाडीवाला हात जोडून सांगायचा, "मागून येऊन धडकला हो," आणि मावशी बंपरकडे बघून विचारायची, "झाड मागून आलं होतं का?" निवृत्त झाल्यापासून तिचा जीव घरात रमत नव्हता. त्या दिवशी ती पत्रकं वाटायला म्हणून यायची होती. आली, गाडी बघितली, पत्रकं माझ्या हातात कोंबली आणि चष्मा पुसला.

"काल काय काय झालं ते सांग. पाल्हाळ लावलंस तरी चालेल."

मी सांगितलं.

आमच्या समोरच फेसवाल्याचा स्टॉल. चंदेरी जाकीट, हातात माइक, आणि पिचकारीसारख्या बंदुकीतून गाडीवर ढगच्या ढग फेस. माझे सासरे त्याला बघून म्हणाले होते, "हा गाडी धुतोय की तिची दाढी करतोय?" पण गर्दी त्याच्याकडेच. वर तो दिवसभर माइकवरून आमची टर उडवत होता. "समोरच्यांचं काम अर्धं, आमचं पूर्ण!" वगैरे.

सकाळी एकाला गाडीच्या आत डोकवायचं होतं. नवऱ्याने घाईत चालकाचं दार ओढलं. ते उघडत नाही हे बाईंनी आधीच बजावलं होतं: "ते दार त्यांनाच उघडायचं. मला उभ्या जन्मात जमलं नाही. मी आपली पलीकडून चढायची." आम्हीही आतली सगळी साफसफाई पलीकडच्या दाराने केली होती. गर्दीसमोर हा ते विसरला आणि ओढत बसला. लगेच समोरून माइक: "अहो साहेब, ओढून काय होणार? कडी जरा वर उचला, खालून ढोपराचा धक्का द्या! गाडी धुता येते, दार उघडता येत नाही!" लोक खो-खो हसले. नवऱ्याचे कान लाल. त्याने दाराचा नाद सोडला तो सोडलाच.

"मग?"

"मग दुपारी कॉलेजची पोरं आली. त्या धुळीत बोटाने 'मला धुवा' लिहिलं, खाली दात काढलेलं तोंड काढलं आणि फोटो काढत बसली. तेवढ्यापुरती आमच्याकडे गर्दी झाली. मीपण हसले. खरं तर त्यानंतरच आमचं बरं चाललं, कारण फेसवाल्याचा माइक बंद पडला. घसा बसला असेल ओरडून ओरडून."

"संध्याकाळी?"

"हॉल बंद झाला. बाहेरच्या फाटकावर वॉचमन. सामानाच्या राखणीला माझे सासरे इथेच खाट टाकून झोपले, आणि तो फेसवाला त्याच्या मशीनपाशी. आमच्या रांगेत बाकी कुणी नव्हतं."

"म्हणजे दोघांतला एक," नवरा ताडकन उठला. "आणि तो कोण ते सांगायला मावशी कशाला हव्यात? समोरच बसलाय!"

मावशीने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला परत बादलीवर बसवलं.

"जावईबापू, तुमचा धंदा बुडवायचा असता तर त्याने किल्लीने एक रेघ ओढली असती आणि सुखाने झोपला असता. खांदे भरून येईपर्यंत तुमच्या गाडीवर एवढी माया कोण करेल?"

३

मावशी हात पाठीमागे बांधून गाडीभोवती फिरली. मग बॉनेटवर गाल टेकवायचाच बाकी ठेवून तिरप्या उजेडात बघत राहिली.

"मशीन लावलेलं नाही. मशीनचे गोल वळसे उजेडात दिसतात. तुझ्या बाजूला आहेत बघ, बारीक. इकडे एकही नाही. हे हाताने, पुढून मागे, सरळ रेषेत घासलंय. आणि चिकटपट्टी तशीच आहे. पट्टीपर्यंत येऊन थांबलाय. तुझ्या कामाला त्याने बोटसुद्धा लावलेलं नाही."

"म्हणजे काय?"

"म्हणजे या धंद्यातला आहे. दुसऱ्याच्या कामावर हात फिरवायचा नाही, एवढं त्याला कळतं."

मग ती पलीकडच्या दाराने आत शिरली, चालकाच्या दाराच्या आतल्या कडा न्याहाळल्या आणि बाहेर येऊन त्याच दाराच्या फटीतून एक धागा चिमटीने ओढून काढला. फडक्याचा असावा. मूळचा पांढरा, पण हिरवागार झालेला.

"हे काय गं?"

"काही नाही," ती म्हणाली आणि धागा पर्समध्ये टाकला. मावशी 'काही नाही' म्हणाली की काहीतरी असतंच, हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

ती फेसवाल्याकडे गेली. मी मागोमाग. तो चहा पीत बसला होता. चंदेरी जाकीट, आणि हातात निळे रबरी हातमोजे.

"चहासुद्धा हातमोजे घालून पिता?"

"ब्रँड आहे मावशी," तो हसला. काल माइकवर गर्जणारा माणूस इतका हळू बोलतो हे मला नवीन होतं. "हीच आपली ओळख."

"समोरची गाडी बघितलीत?"

"बघितली." पण त्याने मान वर केली नाही. "चांगली दिसतेय."

"रात्री काही आवाज आला? कुणी दिसलं?"

"मी झोपलो होतो. आणि तुम्हाला माझा संशय असेल तर हे बघा." त्याने टेबलाकडे हात केला. बंदुका, नळ्या, रंगीत साबणाचे कॅन. "माझ्याकडे पॉलिशची डबीसुद्धा नाही. सगळा यंत्राचा मामला. हाताने घासायचे दिवस गेले."

खरंच नव्हती. मी दोनदा बघितलं. परत येताना मला थोडी शरमच वाटली.

"तो नाही वाटतं," मी म्हणाले.

मावशी पुन्हा चष्मा पुसायला लागली. नवऱ्याचा चेहरा मात्र एकदम बदलला. तो माझ्याकडे बघायला लागला, मी त्याच्याकडे. हाताने. पुढून मागे. सरळ रेषेत. असं काम करणारा एकच माणूस आम्हाला माहीत होता, आणि तो पडद्यामागे खाटेवर बसून चहात बिस्कीट बुडवत होता.

४

बाबा, म्हणजे माझे सासरे, हयातभर गाड्या रंगवायचे. आता उजवा खांदा धरलाय. हात वर जात नाही. हाडांच्या डॉक्टरने काम बंद सांगितलं, मग आम्हीही सांगितलं, आणि बाबा दुकानात खुर्चीवर बसून आमच्या चुका काढायला लागले. या अर्ध्या गाडीवर तर त्यांचा खास राग. "अर्धं काम कुणी लोकांना दाखवतं का? अर्धी दाढी करून लग्नाला जाल?"

मी त्यांच्यापाशी खाली बसले.

"बाबा, रागवायचं नाही हं. गाडीची दुसरी बाजू बघितलीत?"

"बघितली."

"इतकं सुंदर काम फक्त तुमचाच हात करू शकतो."

बिस्कीट चहात पडलं. बाबांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते पडद्याच्या फटीतून गाडीकडे बघत होते. हिरव्या दारावर दिवे झुलत होते.

"हो," ते म्हणाले. "मीच केलं."

नवऱ्याने वडिलांचा हात हातात घेतला. मला राग यायला हवा होता. बाईंना दिलेला शब्द मोडला होता. पण घरात रोज खुर्चीवर बसून कुरकुरणारा हा म्हातारा रात्रभर एकटा उभा राहून एवढं काम करतो, या विचाराने तो आलाच नाही.

मावशीने स्टूल ओढलं आणि त्यांच्यासमोर बसली.

"व्याहीबुवा, छान काम. चालकाचं दार कसं उघडलंत?"

"कुठलं दार?"

"ज्याच्या आतल्या कडा पुसल्यात ते."

"ते... ओढलं, उघडलं."

"बरं. टपाच्या मध्यापर्यंत हात पोहोचला?"

"स्टुलावर चढलो."

"आज सकाळी शर्ट कुणी घातला तुम्हाला?"

बाबांनी डाव्या हाताने उजवी बाही खाली ओढली.

"मी," नवरा पुटपुटला. "आल्या आल्या. बाहीत हात जाईना म्हणून."

मावशीने बाबांचा हात उलटा करून बोटांची टोकं बघितली, अलगद परत मांडीवर ठेवला. "तुम्ही नाही केलंत."

मग बाबा चहातलं विरघळलेलं बिस्कीट चमच्याने ढवळत म्हणाले, "ती म्हणाली ना, तुमचाच हात. किती दिवसांनी कुणी असं म्हणालं. मग नाही म्हणवेना." थोड्या वेळाने त्यांनी जोडलं, "मी कानातलं मशीन काढून झोपलो होतो. डोक्याशी बँड वाजवला असता तरी उठलो नसतो."

मी त्यांचा कप धुवायला म्हणून उठले आणि पडद्याच्या बाहेर जाऊन डोळे पुसले. तेवढ्यात मावशी मागून आली.

"डॉक्टरीणबाई कधी यायच्यात?"

"यायला झाल्याच आहेत."

"मग चल. मला माझी पर्स गाडीत विसरायचीय."

५

मला काही कळेना. मावशीने पलीकडच्या दाराने पर्स खरंच चालकाच्या सीटवर टाकली, दार लावलं आणि आम्हाला दोघांना जवळ घेतलं.

"धागा आठवतो? चालकाच्या दाराच्या फटीत अडकला होता. दार बंद असताना फडकं पोहोचत नाही त्या आतल्या कडाही स्वच्छ आहेत. म्हणजे रात्री हे दार उघडलं गेलं. कोणाला उघडता येतं ते?"

"कुणालाच नाही," नवरा म्हणाला. "फक्त डॉक्टरांना यायचं."

"आणि ते कसं उघडायचं हे काल सगळ्यांसमोर कुणी सांगितलं?"

नवऱ्याने वळून समोरच्या स्टॉलकडे बघितलं.

"ती चेष्टा होती मावशी!" मी म्हणाले.

"चेष्टा करणारा म्हणतो, लाथ घाला. 'कडी वर उचला, मग खालून ढोपराचा धक्का द्या' असं नीट क्रमाने कुणी चेष्टेत सांगत नाही. त्याच्या तोंडून निघून गेलं. आणि त्याचा माइक कधी बंद झाला? पोरांनी धुळीत लिहिल्यावर. तू म्हणालीस घसा बसला. मघाशी बोलला तेव्हा बसलेला वाटला तुला?"

नव्हता. हळू होता, पण स्वच्छ होता.

"पण त्याच्याकडे पॉलिश नव्हतं."

"त्याच्या टेबलावर नव्हतं," मावशी म्हणाली आणि वळून खणखणीत आवाजात हाक मारली. "अहो फेसवाले! जरा इकडे या हो. पर्स आत राहिलीय, आणि जावईबापूंना हे दार काही उघडत नाही."

तो आला. डोक्यात बहुतेक दुसरंच काही चाललं असावं. हातमोजा घातलेला हात कडीवर गेला, कडी वर उचलली गेली, ढोपर दाराच्या खालच्या कोपऱ्यावर टेकलं. दार उघडलं. कुरकुर नाही, धडपड नाही. रोज भेटणाऱ्या माणसाला उघडावं तसं.

आणि मग त्याला कळलं आपण काय केलं ते. तो पर्स हातात घेऊन तसाच उभा राहिला.

"आता हातमोजा काढा," मावशी म्हणाली. आवाज अगदी मऊ. "हा जुना रंग आहे. घासला की फडक्याला उतरतो, आणि फडक्यातून बोटांना. साबणाने जात नाही."

त्याने हातमोजा काढला. नखं हिरवी होती. सगळी.

नवरा पुढे सरसावला. मी त्याचा दंड धरला. आणि त्याच क्षणी आमच्या पाठीमागून एक बारीक, धारदार आवाज आला.

"हे दार कुणी उघडलं?"

डॉक्टरीणबाई उभ्या होत्या.

६

त्यांनी उघडं दार बघितलं. मग लखलखणारी बाजू. मग माझ्याकडे.

"मी सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "एवढंच सांगितलं होतं."

नवरा काही बोलणार, तोच फेसवाला पुढे झाला.

"यांचा दोष नाही बाई. मी केलंय. यांना माहीतही नव्हतं."

"तुम्ही कोण?"

"डॉक्टरांच्या दवाखान्यात माझी आई महिनोन् महिने होती. मी बाहेर ओट्यावर बसून राहायचो. आत बसवत नव्हतं आणि घरी जाववत नव्हतं. समोर ही गाडी. एक दिवस बादली घेतली आणि धुतली. मग रोजच. डॉक्टर आले की असे उभे राहायचे, गाडीकडे बघायचे, आणि मग आई कशी आहे ते सांगायचे. आई बरी होऊन घरी गेली तरी मी येतच राहिलो. तेच म्हणाले, तुझा हात चांगला आहे, याचाच धंदा कर."

बाई टक लावून बघत होत्या. "हे म्हणायचे, माझ्या गाडीला रोज एक जण अंघोळ घालतो. मला वाटायचं दवाखान्यातलाच कुणी शिपाई."

"मी काल सकाळीच गाडी ओळखली. पण म्हटलं, धंदा आहे, त्यांना त्यांचं काम करू दे, आपण आपलं करू. उलट जास्तच ओरडलो माइकवर. मग ती पोरं आली." त्याने काढलेला हातमोजा मुठीत चुरगाळला. "डॉक्टरांच्या दारावर ते तोंड काढलं, आणि सगळे हसायला लागले. मला माइक धरवेना."

मीही हसले होते. मी जमिनीकडे बघत राहिले.

"मग आम्हाला सांगायचं होतं," नवरा म्हणाला. राग अजून होता, पण त्याला बसायला जागा सापडत नव्हती.

"काय तोंडाने? दिवसभर तुमची खिल्ली उडवली आणि रात्री येऊन सांगू, ही बाजू मशीनने करू नका? तुम्ही म्हणाला असतात, आला धंदा बिघडवायला. आणि तो तुमचा बोर्ड तर लागलेलाच होता. दुपारी मशीन चालणार."

"मशीनने काय झालं असतं?" बाईंनी विचारलं.

त्याने दार लोटून घेतलं आणि कडीच्या मागे, जिथे बोटं आत घालायची जागा असते, तिथे बोट दाखवलं.

आम्ही वाकलो. सगळं दार आरशासारखं होतं, आणि त्या वाटीएवढ्या जागेत मात्र रंग तसाच निस्तेज ठेवलेला. त्यावर ओरखडे होते. बारीक, चंद्रकोरीसारखे, एकावर एक, शेकडो. त्यांच्या कडेकडेने एवढ्या जपून घासलं होतं की एकाही रेघेला धक्का लागलेला नव्हता.

"त्यांची अंगठी," फेसवाला म्हणाला. "दार उघडताना रोज घासायची. मी एकदा म्हणालो, साहेब, अंगठी काढून ठेवत जा, रंग जातोय. ते म्हणाले, रंग गेला तरी चालेल."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. चार बोटं त्या जागेत घातली आणि रेघांवरून फिरवली. त्या पलीकडून चढायच्या. त्या बाजूला त्या कधी उभ्याच राहिल्या नव्हत्या.

"मला हे माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. "मला एवढंच वाटत होतं, की त्या बाजूला यांचा हात लागलेला आहे, तो पुसला जाईल. म्हणून नको म्हटलं. नेमकं काय ते मला सांगता आलं नसतं."

आणि आम्हाला दिसलं नसतं. हे मी तेव्हाच नाही तरी नंतर नवऱ्याला बोलून दाखवलं. आमचं मशीन त्या वाटीतून एकदा फिरलं असतं, आणि आम्ही ते चांगलं काम म्हणून लोकांना दाखवलं असतं.

"पॉलिश कुठून आणलंत?" मावशीने विचारलं. तिचं सर्व्हेयरपण शेवटपर्यंत सुटत नाही.

"व्हॅनमध्ये आहे एक डबा. माझ्यापुरता. लोकांसमोर नाही काढत." तो ओशाळून हसला. "यंत्रवाला म्हणून नाव आहे ना."

मावशीने त्याच्याकडे बोट रोखलं. "दुसऱ्याच्या स्टॉलवरच्या गाडीला न विचारता हात लावलात. ते चुकलंच."

"चुकलं," तो म्हणाला.

"चुकलं," डॉक्टरीणबाईही म्हणाल्या. मग त्याच्या हिरव्या नखांकडे बघून, "आई कशी आहे?"

"आहे. माझ्यावर ओरडण्याइतकी ठणठणीत आहे."

बाई त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या.

७

हे सगळं खरं असलं तरी बोर्ड आपल्या जागी होता, आणि क्लबची मंडळी फाटकातून आत येताना दिसत होती. सात-आठ जण, टोप्या घातलेले, गाडीच्या नुसत्या आवाजावरून तिचं साल सांगणारे. त्यांना दाखवायला आमच्याकडे आता एक संपूर्ण चकचकीत गाडी होती, म्हणजे दाखवण्यासारखं काहीच नव्हतं.

"एखादी घाणेरडी गाडी पाहिजे," नवरा हवालदिल होऊन म्हणाला. "आत्ताच्या आत्ता. खरी घाणेरडी."

फेसवाल्याने डोकं खाजवलं. इकडे बघितलं, तिकडे बघितलं.

"माझी व्हॅन आहे," तो अगदी खालच्या आवाजात म्हणाला. "पण कुणाला सांगू नका."

त्याने ती आणली. देवा! दुसऱ्यांच्या गाड्यांवर ढगच्या ढग सोडणाऱ्या माणसाची व्हॅन मी बघतच राहिले. चिखलाचे थर, पक्ष्यांचा प्रसाद, काचेवर वायपरने कोरलेले दोन पंखे आणि बाकी सगळा अंधार. मूळ रंग कोणता यावर क्लबच्या मंडळींत तिथेच वाद सुरू झाला. गर्दी जमली. मी चिकटपट्टी काढली आणि व्हॅनच्या मधोमध लावली.

पुढचा वेळ कसा गेला कळलं नाही. नवऱ्याने मशीन चालवलं, मी फटी साफ केल्या, आणि फेसवाल्याने स्वतःच्याच व्हॅनची माइकवरून अशी काही टर उडवली की दोन रांगा पलीकडचे लोक धावत आले. बाबांना आम्ही खुर्चीसकट पुढे आणलं. दाराचा खालचा भाग त्यांनी बसल्या बसल्या, हाताने, सरळ रेषेत घासला, आणि क्लबचे अध्यक्ष उकिडवे बसून त्यांना प्रश्न विचारत राहिले. संध्याकाळी निघताना अध्यक्ष म्हणाले, "आमच्या गाड्या आणतो. पण खालचं काम हेच करणार असले तर." बाबांनी विचार करून सांगतो असं उत्तर दिलं. त्यांचा भाव बघण्यासारखा होता.

डॉक्टरीणबाई शेवटपर्यंत थांबल्या. जाताना त्यांनी मला बाजूला घेतलं. आता दुसरी अट काय असेल या धाकाने मी उभी राहिले.

"गाडी शेडमध्ये परत नाही ठेवायची," त्या म्हणाल्या. "मला चालवायला शिकायचंय. एखादा धीराचा माणूस बघून द्या."

मावशीने तिथल्या तिथे हात वर केला. ठोकलेल्या गाड्या बघून तिला न ठोकता कसं चालवायचं ते पाठ झालंय म्हणाली.

फेसवाल्याची व्हॅन अर्धीच राहिली होती. दुसऱ्या आठवड्यात दुकानात आणा, उरलेली करून देतो, असं आम्ही सांगितलं. तो आला, पण करून घ्यायला तयार होईना. लोक सिग्नलला काच खाली करून विचारतात म्हणे, ही अर्धी बाजू कुठे केली. आणि तो आमच्या गल्लीचा पत्ता सांगतो. "राहू दे की थोडे दिवस," तो म्हणाला.

बाबांना ते सहन होणं शक्यच नव्हतं. काल दुपारी मी बाहेर डोकावले तर बाबा स्टुलावर बसून व्हॅनच्या मळक्या दाराला खालून भिडले होते, आणि वरच्या बाजूला फेसवाला, हातमोजे काढून, गुमान त्यांचं बोलणं ऐकत घासत होता.